पुरात भिजलेलं चौसोपी घर: खांब बदलायचे की घर पाडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या गावात पणजोबांच्या काळातलं चौसोपी घर. २०१९ च्या पुरात जोत्याच्या वर साडेतीन फूट पाणी, २०२१ ला पुन्हा फूटभर. आता पूर्वेच्या सोप्यातले दोन खांब बुडाशी कुजलेत, तिथलीच एक तुळई वाकलीय आणि मागच्या भिंतीनं पोट काढलंय. १९९८ च्या सुमारास सोप्यात शहाबादी फरशी बसवली होती आणि भिंतींना खालून चार फूट सिमेंटचा गिलावा केला होता. ठेकेदार म्हणतो, लाकडी खांब काढून आरसीसी कॉलम टाकू, सगळीकडे सिमेंट करू, वर पत्रा. लाकूडवाला म्हणतो, पाडा, सागाला चांगला भाव देतो. वडील म्हणतात, मी आहे तोवर कुणी हात लावायचा नाही. विचारणारे पुण्यात नोकरीला, महिन्यातून एखादी फेरी.

मी शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. सांगलीत पंचवीसेक वर्षं काम करतोय. पण जुन्या घरांचं काम कॉलेजात नाही शिकलो, एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली शिकलो. त्यामुळे पुढे काही शब्द त्यांचे येतील.

तुम्ही विचारलंय 'बदलू की पाडू'. त्याच्या आधी दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं तुम्हाला अजून कुणीच दिलेली दिसत नाहीत. घराचं ओझं नेमकं कोण वाहतंय? आणि भिजलेलं घर वाळायचं कुठून? ही दोन उत्तरं हातात आली की निम्मे निर्णय आपोआप होतात.

आधी ओझं. आपल्याकडचं चौसोपी घर म्हणजे चौकाच्या चार बाजूंना सोपे, प्रत्येक सोपा खणांत मोजलेला. जुनी माणसं घर किती चौरस फूट असं विचारत नाहीत, किती खणांचं असं विचारतात, आणि त्यात सगळं गणित येतं. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. तळाला दगडी तळखडा, त्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर पाट म्हणजे फळ्या आणि पाटावर अर्धा-पाऊण फूट माती. हस्त शोभेचा आहे असं लोकांना वाटतं, कारण त्यावर केळफूल कोरलेलं असतं. त्याचं खरं काम तुळईला दोन्ही बाजूंनी हातभर आधार देऊन तिची झेप कमी करायचं. खांबाच्या माथ्याला ठेवलेलं अरुंद टोक, म्हणजे कुसू, हस्ताच्या भोकात बसतं. खिळा नसतो. असलीच तर लाकडी मेख. म्हणून हा सांगाडा थोडा हलतो, आणि हलूनही उभा राहतो.

भिंत या सांगाड्याभोवतीची कूड आहे. ऊन, वारा, चोर, गुरं यांच्यापासून आडोसा. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जाडजूड दगडमातीच्या भिंतींनी माणसं गाडली, पण ज्या घरांत आत लाकडी खण होते तिथे बऱ्याच ठिकाणी भिंती ढासळल्यावरही आतला सांगाडा उभा होता. आपल्यालाही कोयनेचा धक्का आहेच, ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणून 'लाकडी घर म्हणजे कच्चं घर' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कच्ची असते ती मातीत रचलेली, आरपार दगड न घातलेली भिंत.

पण इथे एक मेख आहे, आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथे पैसा होता, लाकूड होतं, सुतार होते. तुमचं आमचं घर शेतकऱ्याचं. चौकाकडचे खांब सागाचे, दिसायला देखणे. आतल्या रांगेचे बाभळीचे किंवा आंब्याचे. आणि बाहेरच्या बाजूला? कुठे भिंतीच्या पोटात खांब लपवलेले असतात, कुठे तेवढेही केलेले नसतात, तुळईचं बाहेरचं टोक सरळ भिंतीवर टेकवलेलं असतं. पहिल्या घरात मागची भिंत पूर्ण उतरवली तरी छप्पर जागेवर राहतं. दुसऱ्या घरात तीच भिंत उतरवली तर छप्पर अंगावर येतं. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात.

हे ओळखायचं कसं? माळ्यावर चढा, जिथे भिंतीचा माथा उघडा असतो. तुळईचं टोक भिंतीत शिरताना खाली हस्त दिसतो का बघा. हस्त असेल तर त्याच्याखाली बहुधा खांब आहे. खालून बघायचं तर गिलाव्यावर उभ्या सरळ चिरा शोधा, खणाच्या अंतरावर. आत लाकूड आणि बाजूला भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, असले की त्या सांध्यावर गिलावा उभा फाटतोच. तरी खात्री होत नसेल तर एका ठिकाणी गिलावा वीतभर फोडून बघा. हे कळल्याशिवाय त्या पोट काढलेल्या भिंतीला कुणाला हातोडा लावू देऊ नका.

आता दुसरा प्रश्न, वाळण्याचा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या घराचं खरं दुखणं मला इथे दिसतंय.

तुमचं घर नदीकाठी आहे. २००५ ला त्यात पाणी आलं असणार, त्याआधीही आलं असणार. पणजोबांच्या काळापासून ते भिजत आलंय आणि वाळत आलंय. लाकूड नुसतं भिजल्यानं कुजत नाही. पूर्ण पाण्याखाली राहिलेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, कोरडं राहिलेलंही टिकतं. कुजतं ते अर्धवट ओलं, ज्याला हवाही मिळते आणि ओलही. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. उन्हाळ्यात आपल्याकडचं वाळलेलं लाकूड दहा-बारा टक्क्यांवर असतं. म्हणजे पाच दिवसांच्या पुरानं खांब मेला असं होत नाही. पुरानंतर तो सहा महिन्यांत वाळला का, हा प्रश्न आहे. आणि तुमचा वाळू शकला नाही, कारण १९९८ ला दोन गोष्टी झाल्या.

पहिली फरशी. जुन्या जमिनीवरच वाळू-सिमेंट टाकून शहाबादी बसवली की सोप्याची पातळी चार-पाच इंच वर येते. तळखडा तेवढाच उंच असतो. तो फरशीत गडप होतो आणि खांबाचं बूड फरशीच्या पातळीवर किंवा तिच्या खाली जातं. मग रोज फरशी पुसली की पाणी खांबाच्या बुडाशी. सणाला सोपा धुतला की बादलीभर पाणी तिथेच. तुमच्या त्या दोन खांबांचे तळखडे दिसतात का आज? मी पैज लावतो, दिसत नसतील. आणि पश्चिमेच्या सोप्यात, जिथे फरशी कदाचित घातलीच नाही, तिथले खांब त्याच पुरात भिजूनही ठणठणीत असतील. बघा आणि सांगा.

दुसरी, सिमेंटचा गिलावा. आपल्याकडच्या भिंती बहुतेक खाली काळ्या दगडाच्या आणि वर पांढरीच्या भेंड्यांच्या. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची माती, पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, मूत मुरलेली. पूर्वी याच मातीतून सोरा काढत. त्यामुळे भेंड्यात क्षार मुळातच आहेत, ओल चढली की ते पृष्ठभागावर येतात आणि भिंतीला लोणा लागतो. बाहेर मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ओल त्यातून निघून जाते, लोणा गिलाव्याला खातो, दर चार-पाच वर्षांनी गिलावा बदलायचा आणि भिंत वाचवायची. बाया दर दिवाळीला सारवायच्या ते नुसतं सजावटीसाठी नव्हतं. सिमेंटचा चार फुटी पट्टा मारला की ओलीला निघायला जागा उरत नाही. ती पाचव्या फुटावर जाऊन बाहेर पडते, आणि खालचे चार फूट आतल्या आत चिखल होत राहतात. वरून गिलावा कसा, एकदम पक्का!

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २००४ मध्ये कोरेगाव तालुक्यातल्या एका घराला मी स्वतः, माझ्या सहीनं, बाहेरून सिमेंटचा गिलावा करवून घेतला होता. वॉटरप्रूफिंगचं रसायनही घातलं होतं वरून. मालक खूश, मी खूश. २०११ ला त्यांचा फोन आला, की माजघराच्या भिंतीत खिळा ठोकला तर आख्खा आत गेला. जाऊन गिलावा फोडला. भिंतीतल्या खांबाच्या जागी हात घातला तर भिजवलेल्या पेंडीसारखा चुरा ओंजळीत आला. कमरेइतक्या उंचीपर्यंत खांब नव्हताच. वरचं ओझं सात वर्षांत हळूहळू भेंड्यांवर आलं होतं. त्या दिवशी त्या सुतारानं मला काही बोलून दाखवलं नाही. चहा प्यायला आणि जॅक आणायला माणूस पाठवला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तर आता तुमच्या खांबांकडे येऊ. पहिलं काम तुम्ही स्वतः करा, पुढच्या फेरीत. पोती शिवायचा दाभण घरात असेलच. प्रत्येक खांबाच्या बुडाशी, चारही बाजूंनी, जमिनीपासून दोन इंच, सहा इंच आणि फूटभर उंचीवर दाभण हातानं दाबायचा. ठोकायचा नाही. पाव इंच जाऊन अडला तर काळजी नाही. अर्धा इंच गेला तर खूण करा. इंचभर गेला आणि काढताना पाणी किंवा काळपट चुरा आला तर तो भाग गेला. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, भरीव खांब टणटण बोलतो, पोकळ भदभद. ऑइल पेंटच्या थरावर जाऊ नका, हिरव्या रंगाखाली काहीही असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड कीड आणि बुरशी लवकर खातात, आतला गाभा टिकतो. बाहेरून भीतीदायक दिसणाऱ्या खांबाचा गाभा पुष्कळदा शाबूत निघतो. आणि गाभा किती पुरतो याचा साधा हिशेब मांडतो. एका खांबाच्या वाट्याला समजा साठ चौरस फूट क्षेत्र आलं. अर्धा फूट माती म्हणजे दर चौरस फुटाला २४ किलोच्या आसपास. कड्या-पाट, वरची माणसं आणि सामान, कौलं, सगळं धरून साठ किलोच्या आत. म्हणजे खांबावर साडेतीन टन. आठ इंच चौरस चांगल्या सागाचा खांब दाबात तीस टनांच्या आसपास सहज सुरक्षित धरता येतो. जुनं लाकूड म्हणून निम्मं करा, अर्धा भाग कुजला म्हणून आणखी निम्मं करा, तरी दुपटीनं पुरतो. त्यामुळे खांब बुडाशी कुजला म्हणजे आख्खा खांब बाद, हे चूक. बाद झालेलं बूड बदलायचं, खांब ठेवायचा.

ते कसं करतात ते सांगतो, म्हणजे तुम्ही काम करणाऱ्याला प्रश्न विचारू शकाल. खांबाच्या दोन्ही बाजूंना, तुळईखाली, दीड-दोन फुटांवर टेकू. टेकू फरशीवर नाही, जाड फळ्यांवर, नाहीतर टेकूच फरशी फोडून खाली जातो. टेकूखाली स्क्रू जॅक. मग दोन्ही जॅक एकेका आट्यानं, एकाच वेळी. एक माणूस खांबाच्या बुडाशी पालथा पडून करवतीचं जुनं पातं खांब आणि दगडाच्या मधल्या फटीत घालून बसतो. पातं अडलेलं असतं. जॅक फिरतात, लाकूड कुठेतरी कर्र करतं, सगळे थांबतात, पुन्हा चौथाई आटा. पातं हलकेच पुढे सरकलं की तो म्हणतो 'बास'. तेवढंच. कागदाइतकी फट. त्यापुढे एक आटाही नाही. हौशी माणूस म्हणतो, आलोच आहोत तर खचलेली तुळईही सरळ करून घेऊ. शंभर वर्षं त्या वाकाला सरावलेले सांधे एका दुपारी सरळ केले तर शेजारच्या खणातलं कुसू मोडतं. मोडलेलं मी पाहिलंय.

मग कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचा. नऊ इंचांपर्यंत गेला असेल तर मी नवीन लाकूड जोडतच नाही, तळखडाच उंच करतो. काळ्या दगडाचा नवा तळखडा पाथरवटाकडून घडवून घ्यायचा, माथा किंचित उतरता म्हणजे पाणी थांबत नाही, फरशीच्या वर निदान सहा इंच. दगड आणि लाकडाच्या मध्ये शिशाचा पत्रा. दोन फुटांपर्यंत कुजला असेल तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांध्यानं जोडायचा. सांधा खांबाच्या जाडीच्या तिप्पट लांब, आठ इंची खांबाला दोन फूट, आणि आरपार दोन बोल्ट. जुनं वाळलेलं लाकूड कुठून आणायचं? तुमच्याकडे घर पाडा म्हणून आलेल्या त्या लाकूडवाल्याकडूनच. त्याच्या वखारीत दुसऱ्या कुणाच्या वाड्याचे खांब पडलेले असतात.

कापलेल्या टोकांना बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी ब्रशनं दोन-तीन हात द्या. कीड आणि बुरशी दोन्हींना चालतं, फक्त पावसात धुऊन जातं, म्हणून आतल्या भागालाच. गावाकडे जळकं ऑइल फासतात. वास येतो, पेट घ्यायला मदत होते आणि नंतर कुठलंही औषध लाकडात मुरत नाही. नका फासू.

वाकलेल्या तुळईबद्दल. वाकणं आणि मोडणं यात फरक आहे. तुळईच्या दोन टोकांना दोरा ताणून बांधा आणि मध्यावर फट मोजा. नऊ-दहा फुटांच्या तुळईत इंच-सव्वा इंच वाक जुनाच असू शकतो, ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षं हळूहळू नमतं. त्याच जागी खालच्या अंगाला तुळईच्या लांबीला आडवी चीर असेल, किंवा फट चार महिन्यांत वाढली असेल, तर मात्र आजच टेकू लावा. तुळई लांबीच्या दिशेनं फाटलेली दिसते ती बहुधा वाळताना पडलेली चीर असते, तिला घाबरू नका. आणि वर काय आहे ते बघा. माडीवर कुणी कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, तर केला नाही ना? मातीवर दोन इंच कोबा म्हणजे दर चौरस फुटाला आणखी ११ किलो, एका खांबाच्या साठ चौरस फुटांवर साडेसहाशे किलोच्या पुढे. मी पाहिलेल्या वाकलेल्या तुळयांपैकी बऱ्याच तुळयांच्या डोक्यावर कोबा होता. तोडून काढला की तुळई पूर्वपदावर येत नाही, पण पुढे वाकायची थांबते.

भिंतीनं पोट काढलंय ते कितीनं? गवंड्याचा ओळंबा माथ्यावरून सोडा आणि मध्यावर माप घ्या. दोन फुटी भिंतीत दोन इंचांपर्यंत असेल तर काचेची पट्टी चिरेवर आडवी चिकटवून तारीख लिहा, पावसाळा जाऊ द्या. काच तुटली तर भिंत चालती आहे. तीन-चार इंचांच्या वर असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. या भिंतींच्या दोन बाजू वेगवेगळ्या रचलेल्या असतात आणि मध्ये गाळ-मुरूम-खडे भरलेले. पुराचं पाणी आत शिरलं की मधला भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही बाजूंना ढकलतो. परत रचताना दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड घाला, तेवढं एक केलं तरी भिंत पूर्वीपेक्षा चांगली होते. आणि आधी सांगितलं ते पुन्हा, तुळईचं टोक त्या भिंतीवर असेल तर आधी टेकू, मग भिंत.

सिमेंटचा पट्टा काढा. एकदम नको. एका वेळी एक भिंत, आणि पाऊस संपल्यावर. काढल्यावर लगेच गिलावा करू नका. उघडी राहू द्या, उन्हाळा जाऊ द्या. भेंडे भुसभुशीत झाले असतील तेवढेच बदला. मग मातीचा गिलावा, भुसा आणि शेण घालून, किंवा चुन्याचा. चुना म्हणजे चुना, पांढरं सिमेंट नव्हे. दुकानदार दोन्ही एकच आहे म्हणून खपवतात.

एक वेगळीच शंका. घराखाली पेव, म्हणजे साठवणीचं जमिनीखालचं कोठार, आहे का? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं सर्वांना माहीत आहेत, पण धान्याची पेवं नदीकाठच्या कित्येक घरांत सोप्याखाली किंवा परसात होती. वापर थांबला, तोंडावर फरशी टाकली, लोक विसरले. पुराचं पाणी आत शिरतं, मातीचं तोंड ढासळतं आणि वरचा खांब एका पावसाळ्यात दोन इंच खाली जातो. वडिलांना विचारा, नाहीतर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला. पेवाची जागा बायांना जास्त नक्की आठवते, उतरायला त्याच असायच्या. पूर्व सोप्यातलेच दोन खांब का, याचं उत्तर कदाचित तिथेही असेल.

आता आरसीसी कॉलम. ठेकेदाराला मी वाईट म्हणत नाही, त्याला जे येतं ते तो सांगतोय. पण लाकडी सांगाड्यात दोन-चार कॉलम घुसवले की ताठ आणि लवचीक अशा दोन चालींचं घर होतं. धक्का आला की लाकूड डुलतं, कॉलम डुलत नाही, आणि सगळा मार दोघांच्या सांध्यावर येतो. दुसरं, कॉलमच्या पायासाठी चार-पाच फूट खोल खड्डा घ्यायचा तो कुठे? दोन-अडीच फूट पाया असलेल्या भिंतीच्या शेजारी, पुरानं भिजलेल्या मातीत. मी पाहिलेली घरं दुरुस्तीत पडली ती या खड्ड्यांमुळे. तुम्हाला संडास-बाथरूम, स्वयंपाकघर नव्या पद्धतीचं हवंय ना? जरूर करा, आरसीसीत करा, पण परसात, जुन्या घरापासून चार इंच तरी फट ठेवून, आणि त्याचं सांडपाणी जुन्या भिंतीपासून लांब. आई-वडिलांच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही.

पत्र्याबद्दल दोन वाक्यं. गळकी कौलं आणि कुजलेले वासे हे सगळ्यांत आधी दुरुस्त करायचं, खांबांच्याही आधी, कारण वरून पाणी चालू असताना खालचं काही वाळणार नाही. पत्रा हलका आहे हे खरं, पण मे महिन्यात माडी भट्टी होते आणि वळवाच्या वाऱ्यात नीट न बांधलेला पत्रा उडतो. मी मंगलोरी कौलंच परत लावीन, फुटकी बदलून.

पैशाचं आणि भाऊबंदांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते असणारच. खर्च किती हे मी बघितल्याशिवाय सांगणार नाही, कुणी फोटोवरून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एवढं मात्र आहे की हे काम दोन-तीन उन्हाळ्यांत तुकड्यातुकड्यानं करता येतं, एका दमात रक्कम लागत नाही. चुलत्यांची नावं ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर असतील तरी टेकू लावायला कुणाची परवानगी लागत नाही, पण भिंत उतरवायच्या आधी त्यांना एक फोन करा. आणि पाडणं कधी बरोबर? निम्म्याहून जास्त खांब गाभ्यापर्यंत गेलेले असतील, बाहेरच्या भिंतीवरच सगळं टेकलेलं असेल आणि ती भिंतच चालती असेल, घरात राहायला कुणीच नसेल, तर मी पाडाच म्हणेन. रिकामं घर दुरुस्त करून टिकत नाही, चूल पेटत नसली की तिसऱ्या वर्षी वाळवी. तुमच्या घरात वडील राहतात, त्यामुळे तो प्रश्न आज नाही. त्यांचा 'हात लावायचा नाही' हा हट्ट मात्र तुम्हालाच सोडवावा लागेल. त्यांना दाभण हातात द्या आणि त्यांच्याकडूनच दाबून घ्या. माझ्या अनुभवात हा उपाय बोलण्यापेक्षा जास्त लागू पडतो.

थोडक्यात क्रम: वाकलेल्या तुळईखाली आणि त्या दोन खांबांशेजारी लगेच टेकू. पावसाआधी कौलं. पाऊस संपल्यावर खांबांच्या भोवतीची फरशी हातभर काढून तळखडे मोकळे, मग बुडांचं काम. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिमेंटचा पट्टा आणि भिंत.

सुतार शोधताना त्याला विचारा, कुसू कसं काढतोस? जो म्हणेल 'करवतीनं कापतो', त्याला चहा पाजून परत पाठवा.

पुढच्या फेरीत चार फोटो काढून टाका: दोन्ही कुजलेल्या खांबांची बुडं फरशीसकट, माळ्यावरून मागच्या भिंतीत शिरणारं तुळईचं टोक, आणि पश्चिम सोप्यातला कुठलाही एक खांब. सोबत दाभण कुठे किती इंच गेला ते लिहा. तोवर त्या सोप्यात वडिलांना झोपू देऊ नका आणि माडीवर शेंगांची पोती असतील तर ती आधी उतरवा.